श्फिनोउश्चे: बेटांवर वसलेलं बंदर दोन दिवसांत नीट कसं पाहावं

पोलंडमधल्या श्फिनोउश्चेच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की समोर गाव नसतं, पाणी असतं. आई-बाबांना घेऊन पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा बॅग हातात धरून तसेच उभे राहिले. हॉटेल पलीकडच्या काठावर, मधे श्फिना नावाच्या जलमार्गाचं पात्र, आणि त्यातून एक अजस्र जहाज इतक्या जवळून सरकत होतं की आईने नकळत मागे पाऊल घेतलं. आमचा अर्धा तास गोंधळात गेला. त्यानंतर मी या गावी तीनदा गेलो, आणि दर वेळी एकच गोष्ट जास्त पटत गेली. इथे येणारे बहुतेक लोक वाळूवर बसतात, आइस्क्रीम खातात आणि परततात. हे शहर पाण्याने घडवलंय, तेव्हा ते पाण्याच्या हिशेबाने पाहावं. एक दिवस एका काठाला द्यावा, दुसरा दिवस दुसऱ्या काठाला. तो हिशेब कसा जमवायचा, ते इथे सविस्तर लिहितोय.

आधी नाव. पोलिश लोक ते ‘श्फि-नो-उश्-च्ये’ असं काहीसं म्हणतात. अर्थ सरळ आहे, श्फिनाचं मुख. १९४५ पर्यंत हे जर्मन गाव होतं आणि त्याच अर्थाने स्विनेम्युंडे म्हणून ओळखलं जाई. जुन्या जर्मन नकाशांवर आणि जर्मन लोकांच्या तोंडी तेच नाव आजही भेटतं, म्हणून दोन्ही लक्षात ठेवा.

१. नकाशा डोक्यात बसवा

हे काम घरीच करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. शहर पोलंडच्या वायव्य टोकाला, जर्मन सीमेला चिकटून आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. शहराच्या हद्दीत ४४ बेटं मोजतात. त्यांतल्या तिघांवर माणसं राहतात. पश्चिमेला उझ्नाम, ज्याला जर्मन लोक उसेडोम म्हणतात. पूर्वेला वोलिन. दक्षिणेला कार्शिबूर. बाजार, हॉटेलं, बाग आणि रुंद पुळण उझ्नामवर. मुख्य स्टेशन, स्वीडनच्या बोटींचा धक्का, दीपगृह आणि गॅस टर्मिनल वोलिनवर. कार्शिबूरवर कुरणं, वेताची बनं आणि पक्षी.

गंमत अशी की उझ्नामचा फक्त पूर्वेचा छोटा तुकडा पोलंडचा, बाकीचं बेट जर्मनीचं. म्हणजे गावाचा मध्यवर्ती भाग जमिनीने जोडलेला होता तो परदेशाशी! स्वतःच्या देशात जायला फेरीबोट पकडावी लागे. ही स्थिती ३० जून २०२३ ला बदलली, त्या दिवशी श्फिनाखालचा बोगदा वाहनांसाठी खुला झाला.

इतकी बेटं आली कुठून? ओडर नदी श्चेचिन शहराच्या उत्तरेला एका मोठ्या, उथळ सरोवरासारख्या खाडीत शिरते. तिथून पाणी प्येने, श्फिना आणि जिव्ना या तीन वाटांनी बाल्टिक समुद्राला मिळतं. श्फिना मधली. एरवी नदी गाळ घेऊन समुद्राकडे जाते आणि तोंडाशी त्रिभुज प्रदेश तयार होतो. इथे उलटं घडतं. वादळात बाल्टिकची पातळी चढली की समुद्राचं पाणी श्फिनातून आत घुसतं, सोबत वाळू आणतं आणि खाडीच्या बाजूला टाकतं. शतकानुशतकं असं होत राहिल्याने आतल्या बाजूला बेटांचं जाळं विणलं गेलं. याला उलटा त्रिभुज प्रदेश म्हणतात. युरोपात असं उदाहरण सहज पाहायला मिळत नाही, आणि इथे ते सायकलवरून दिसतं.

कार्शिबूर मात्र माणसाने केलेलं बेट. श्फिनाची नैसर्गिक वळणं मोठ्या जहाजांना झेपेनात, म्हणून १८७५ ते १८८० मध्ये सरळ कालवा खणला गेला आणि उसेडोमचा एक तुकडा कायमचा सुटा झाला. जर्मन काळात त्या कालव्याला सम्राटाचं नाव होतं. आज तो पियास्त कालवा. श्चेचिन बंदर समुद्रापासून सुमारे ६५ किलोमीटर आत असूनही मोठी जहाजं तिथवर जातात ती याच वाटेने.

२. कोणत्या बेटावर उतरायचं ते ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. गावात दोन मुख्य रेल्वे स्टेशनं आहेत, दोन वेगळ्या बेटांवर, आणि त्यांच्यामध्ये रूळ नाहीत.

श्चेचिनहून येणारी पोलिश गाडी वोलिन बेटावरच्या ‘श्फिनोउश्चे’ स्टेशनात थांबते. प्रवास साधारण दीड-पावणेदोन तासांचा. जर्मनीच्या बाजूने, म्हणजे श्ट्रालझुंड, त्स्युसो, हेरिंग्सडोर्फ असं येणारी उसेडोमची छोटी रेल्वे उझ्नामवरच्या ‘श्फिनोउश्चे त्सेंत्रुम’ला पोहोचते. ही जोडणी २००८ पासूनची. तिकीट काढताना त्सेंत्रुम हा शब्द आहे की नाही ते बघा. त्यावरून तुम्ही पाण्याच्या कोणत्या बाजूला उतरणार ते ठरतं.

बर्लिनहून येत असाल तर मला श्चेचिनचा रस्ता बरा वाटतो. त्या मार्गावर रुळांची कामं निघतात आणि बदली बस लागतात, म्हणून निघण्याआधीच्या संध्याकाळी वेळापत्रक पुन्हा उघडून पाहा. स्वीडनमधल्यांनी इस्ताद किंवा ट्रेलेबोर्गहून बोट घ्यावी. इस्तादहून साधारण सहा-सात तास लागतात, आणि बोट बरोबर पोलिश स्टेशनाच्या शेजारी लागते. रात्रीच्या बोटीने आलात तर पहाटे बंदरात शिरताना डेकवर या. झोप नंतर काढता येते.

वोलिनवर उतरलात तर गावात जायला ब्येलिक नावाची फेरीबोट. स्टेशनाच्या दारातून चालत दोन-तीन मिनिटांवर. रात्रंदिवस चालते, पायी आणि सायकलवाल्यांना पैसे पडत नाहीत, तिकीटच नाही. दाभोळ-धोपावे फेरीतून पलीकडे गेला असाल तर सगळं ओळखीचं वाटेल: फळीचा आवाज, डिझेलचा वास, कठड्याशी जमणारी माणसं. पलीकडे पोहोचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मोठं जहाज जात असेल तर ब्येलिक त्याला वाट देते. ब्येलिक म्हणजे पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड. हा पक्षी इथल्या खाडीवर खरोखर दिसतो.

मोटारगाडीने आलात तर बोगदा. जमिनीखालचा भाग दीड किलोमीटरच्या आसपास, टोल नाही. पायी किंवा सायकलने बोगद्यात जाता येत नाही. तो खणणाऱ्या यंत्राला ‘विस्प्यार्का’ असं नाव दिलं होतं, म्हणजे बेटावरची बाई.

३. कागदपत्रं, दिवस, मुक्काम

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, आणि तो पोलंड-जर्मनी दोन्हीकडे चालतो. २००७ च्या डिसेंबरपासून इथली सीमा उघडी आहे. तरीही अलीकडच्या वर्षांत दोन्ही देशांनी मधूनमधून तपासणी सुरू केलेली आहे. फिरायला निघताना पासपोर्ट आणि निवास परवाना जवळच ठेवा, हॉटेलात नको. बाबांचा पासपोर्ट आम्ही खोलीवर विसरलो होतो आणि सीमेच्या अलीकडून परत फिरावं लागलं.

जुलै-ऑगस्टमध्ये अर्धा पोलंड इथे असतो. मे अखेर, जून आणि सप्टेंबर उत्तम. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड राहतो, म्हणजे दिवस मावळायची घाई नाही. पाणी मात्र भर उन्हाळ्यातही १८ ते २० अंशांच्या आसपासच असतं. वारा सतत; जूनमध्येसुद्धा विंडचीटर घ्या.

मुक्काम उझ्नामवर करा, फेरीच्या धक्क्यापासून चालत जाता येईल असा. समुद्रालगतची हॉटेलं महाग, आणि तिथून दोन्ही काठांवर ये-जा करताना पाय मोडतात. आणखी एक. पोलंडमध्ये बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. फळं, दही, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा. चलन झ्वॉटी, पण कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं.

४. पहिला दिवस: पश्चिमेचा काठ

सकाळी फेरीच्या धक्क्यापासूनच सुरुवात करा आणि पाणी उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे चालत राहा. वाटेत जुन्या टाऊन हॉलमध्ये मासेमारीचं संग्रहालय आहे. पाऊस असेल तर तिथे तास घालवा, नसेल तर पुढे व्हा. मग आरोग्यबाग लागते. ही १८२० च्या दशकात पेटर योझेफ लेने यांनी आखली. बर्लिनच्या टीयरगार्टनला रूप देणारे उद्यानकार तेच. समुद्रस्नानासाठी लोक इथे तेव्हापासूनच येऊ लागले. आजही श्फिनोउश्चे आरोग्यस्थळ आहे. खारट झऱ्याचं पाणी आणि चिखलाचा लेप यांसाठी पोलिश आणि जर्मन आजी-आजोबा आठवडे-आठवडे येऊन राहतात.

बागेच्या पुढे पाठोपाठ दोन किल्ले. पहिला गोल, त्याला देवदूताचा किल्ला म्हणतात, कारण त्याची घडण रोममधल्या कास्तेल सांतांजेलोची, म्हणजे पवित्र देवदूताच्या किल्ल्याची, आठवण करून देते. दुसरा पश्चिम किल्ला. दोन्ही १९ व्या शतकाच्या मध्यातले, प्रशियाने बंदराच्या रक्षणासाठी बांधलेले. दोन्हीच्या आत जाण्याची गरज नाही, गोल किल्ल्याच्या गच्चीवर चढलात तरी पुरे.

मग बंधारा. या दिवसाचं सार इथे आहे, तेव्हा घाई करू नका. १८१८ ते १८२३ मध्ये श्फिनाच्या मुखावर दोन लांब दगडी बंधारे समुद्रात घालण्यात आले. त्याआधी मुख वाळूने बुजायचं. बंधाऱ्यांनी वाहत्या पाण्याला एका वाटेत धरलं, तळ खोल राहिला आणि बंदर उभं राहिलं. वाळूला दुसरीकडे जावं लागलं, ती पश्चिमेच्या बाजूला साचू लागली. आज ज्या रुंद पुळणीवर लोक लोळतात ती अजून वाढतेच आहे, आणि ती त्या बंधाऱ्याचं देणं आहे. हे समजून पुळणीकडे पाहिलं की ती वेगळी दिसते.

पश्चिम बंधाऱ्याच्या टोकाकडे पांढरी पवनचक्की उभी आहे, स्तावा म्विनी. पीठ दळायला नव्हे, जहाजांना दिशा दाखवायला १८७४ मध्ये बांधलेली खूण. शहराच्या बोधचिन्हात तीच आहे. फोटो सगळेच काढतात; तुम्ही तिथे थोडं थांबा आणि स्वीडनची बोट सुटायच्या वेळेला हजर असा. कित्येक मजल्यांची बोट दगडांपासून हाकेच्या अंतरावरून निघून जाते, आणि पायाखालचे दगड थरथरल्यासारखे वाटतात. वेळा बोट कंपन्यांच्या पानांवर मिळतात. वारा जोराचा असेल तर बंधाऱ्यावर जाऊ नका. लाटा वरून येतात आणि दगड शेवाळलेले असतात.

दुपारी पुळण. कोकणातल्या माणसाला पहिला धक्का हा की भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पंचांग पाहून उतरायची सवय इथे कामाची नाही. पाणीही बेताचं खारट, महासागराच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. पोहताना झेंडा बघा: पांढरा म्हणजे उतरायला हरकत नाही, लाल म्हणजे मनाई, झेंडाच नसेल तर जीवरक्षक नाही. बंधाऱ्याजवळ अजिबात पोहू नका, तिथे ओढ असते.

एक सूचना अगदी मनापासून देतो. वादळानंतर या किनाऱ्यावर अंबर, म्हणजे प्राचीन झाडांचा दगड झालेला डिंक, सापडतो आणि लोक मधाच्या रंगाचे खडे शोधत फिरतात. याच उसेडोम बेटाच्या दुसऱ्या टोकाला पेनेम्युंडे आहे, जिथे दुसऱ्या महायुद्धात जर्मन रॉकेटं तयार होत आणि ज्यावर बॉम्बहल्ले झाले. त्या काळातल्या आगलावू बॉम्बमधला फॉस्फरस अजूनही लाटांबरोबर येतो आणि हुबेहूब अंबरासारखा दिसतो. ओला असेपर्यंत तो शांत; खिशात वाळला, शरीराची ऊब लागली की पेट घेतो. सापडलेला खडा खिशात कधीही घालू नका. पत्र्याच्या डबीत ठेवा आणि उघड्यावर वाळू द्या. मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

संध्याकाळी पश्चिमेकडे चालत जर्मनीत जाता येतं. समुद्रालगतचा पायी आणि सायकलींचा रस्ता श्फिनोउश्चेहून आलबेक, हेरिंग्सडोर्फ करत बान्सिनपर्यंत जातो, सगळा मिळून बारा किलोमीटर. सीमेवर रस्त्यात फक्त एक खूण. आलबेकचा लाकडी धक्का १८९८ चा; तिथवर चालणं तासाभराहून थोडं जास्त. परत येताना उसेडोमच्या गाडीत बसा.

५. गोल्म टेकडी

ही जागा पहिल्या दिवसाच्या सकाळी किंवा तिसऱ्या दिवशी बसवा, पण गाळू नका. गावाच्या नैर्ऋत्येला, सीमेच्या लगेच पलीकडे जर्मनीतल्या कामिंके गावाजवळ ही ६९ मीटरची टेकडी आहे. सायकलने अर्धा-पाऊण तास.

१२ मार्च १९४५ ला अमेरिकेच्या ६५० हून अधिक बॉम्बर विमानांनी स्विनेम्युंडे बंदरावर हल्ला केला. बंदरात जहाजं होती, आणि गाव पूर्वेकडून पळून आलेल्या निर्वासितांनी भरलेलं होतं. मृतांचे जुने अंदाज २० हजारांच्या वर जातात, नवं संशोधन काही हजारांचा आकडा सांगतं. बहुतेकांना या टेकडीवर सामूहिक थडग्यांत पुरलं. बीचच्या उंच झाडांखाली आज काही क्रूस, गोल काँक्रीटचं स्मारक आणि सैनिकी कोट पांघरून गारठून उभ्या असलेल्या स्त्रीचा पुतळा आहे. आई तिथे बाकावर बसून राहिली, काही बोलली नाही. खालच्या गावातली चकचकीत हॉटेलं पाहताना त्यांच्याखाली काय होतं हे इथे आल्याशिवाय कळत नाही.

६. दुसरा दिवस: पूर्वेचा काठ आणि कार्शिबूर

ब्येलिकने वोलिनला जा. सायकल भाड्याने घेतली असेल तर तीही बोटीत चढवा. आज सायकल हवीच, कारण अंतरं आहेत आणि बंदराच्या कुंपणांमुळे वळसे पडतात.

आधी दीपगृह. १८५७ मध्ये पेटलेलं, जवळपास ६५ मीटर उंच, बाल्टिक किनाऱ्यावरचं सर्वांत उंच. ३०० हून अधिक पायऱ्या, लिफ्ट नाही. आईचे गुडघे दुखतात, ती खाली अंगणात बसली. तिथेही बाकं आहेत आणि छोटं प्रदर्शन आहे, वेळ जातो. वरून मात्र पहिल्या मुद्द्यातला सगळा नकाशा प्रत्यक्ष दिसतो: बंधाऱ्यांच्या दोन रेषा, श्फिनाचा पट्टा, दक्षिणेला हिरवी बेटं. पूर्वेला समुद्राकाठी मोठाल्या गोल टाक्या दिसतील, ते द्रवरूप नैसर्गिक वायूचं टर्मिनल. डिसेंबर २०१५ मध्ये कतारहून पहिलं जहाज इथे आलं. रशियन वायूवरचं अवलंबन सोडायचं म्हणून पोलंडने ते उभारलं, आणि २०२२ मध्ये रशियाने पुरवठा तोडला तेव्हा ते खरोखरच कामी आलं.

दीपगृहाच्या शेजारीच गेर्हार्ड किल्ला. इथले मार्गदर्शक प्रशियन शिपायाच्या वेषात असतात आणि पाहुण्यांना नवे रंगरूट समजून कवायत करायला लावतात. मुलांना फार आवडतं.

दुपारनंतर कार्शिबूर. वोलिनहून पुलाने जाता येतं. हे बेट शहराचा भाग आहे यावर विश्वास बसत नाही: विटांची जुनी घरं, गायी, वेताची बनं. आतल्या बाजूला पक्ष्यांसाठी राखलेली कुरणं आहेत. तिथे वोद्निच्का नावाच्या चिमुकल्या पक्ष्यासाठी गवत राखलं जातं. युरोपातल्या अत्यंत दुर्मीळ गाणाऱ्या पक्ष्यांपैकी तो एक, आणि हिवाळ्यात तो पश्चिम आफ्रिकेत जातो. तो दिसेलच असं नाही. बगळे, सारस, समुद्रगरुड यांना मात्र दुर्बीण पुरते. फुलपँट घाला आणि परतल्यावर अंग तपासा, गवतात गोचिडी असतात. डासही भरपूर.

इथून पियास्त कालवा दिसतो. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच्या तळाशी पडलेला टॉलबॉय जातीचा ब्रिटिश बॉम्ब निकामी करत असताना पाण्याखाली फुटला. वजन पाच टनांच्या वर, एप्रिल १९४५ मध्ये जर्मन युद्धनौकेवर टाकलेला. आसपासची वस्ती आधीच हलवली होती, म्हणून कुणालाही इजा झाली नाही.

७. खाणं

किनाऱ्यावर मासे तळून देणाऱ्या टपऱ्यांना ‘स्माझाल्न्या’ म्हणतात. फळ्यावरचा भाव बहुतेक ठिकाणी १०० ग्रॅमचा असतो, ताटाचा नव्हे. मासा आधी वजन करून दाखवायला सांगा, नाहीतर बिल पाहून घास अडकतो. हेरिंग, म्हणजे पोलिशमध्ये ‘श्लेज’, आणि चपटी फ्लोंद्रा घ्या. कॉड सगळीकडे लिहिलेला असतो, पण पूर्व बाल्टिकमधल्या कॉडचा साठा इतका खालावला की २०१९ पासून त्याच्या मासेमारीवर निर्बंध आहेत. ताटात येणारा कॉड बहुधा दुरून आलेला आणि गोठवलेला असतो.

शाकाहारींसाठी ‘प्येरोगी रुस्क्ये’, बटाटा आणि पनीरसारख्या चीजचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या. त्यांवर चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे, म्हणून ‘बेझ स्क्वारेक’ असं आधीच सांगा. बटाट्याची ‘प्लात्स्की’ थालीपिठासारखी कुरकुरीत, साय घालून फार छान लागतात. आईने सोबत नेलेल्या लसणाच्या चटणीबरोबर तर अधिकच.

संध्याकाळी बागेत रानडुकरं दिसली तर दचकू नका. ती गावातून मोकळी फिरतात, कधी पिलांसह. त्यांना खायला घालू नका आणि पिलांच्या मधे जाऊ नका.

८. परतताना

पोलिश गाडी पलीकडच्या बेटावरून सुटते. फेरी दहा मिनिटांची असली तरी मोठं जहाज आडवं आलं किंवा धुकं दाटलं की ब्येलिक थांबून राहते. गाडीच्या वेळेआधी निदान ४५ मिनिटं उझ्नामच्या धक्क्यावर असा. वेळ उरलाच तर पलीकडे पोहोचल्यावर स्टेशनात बसू नका. पाण्याकडे तोंड करून उभं राहिलं की पुढचं जहाज येताना दिसतं.